वेळ चुकते तिथे आवाज तुटतो

बडा ख्याल चाळीस मिनिटे रंगलेला असतो. विस्तार होऊन गेलेला, लय वाढलेली, गायक आता कुठे पूर्ण मोकळे झालेले. अशा वेळी हेडफोनमध्ये बारीकशी ‘टक्’ होते. क्लिक ट्रॅकवर बांधलेल्या गाण्यात अशी जागा निघाली तर तेवढी ओळ पुन्हा गाऊन जोडता येते. रागसंगीतात ते जवळजवळ अशक्य आहे. लय सबंध वेळ हळूहळू सरकत असते, तानपुऱ्याचा नाद अखंड असतो आणि तोच आलाप दुसऱ्यांदा तसाच येत नाही. म्हणून घरच्या घरी लिनक्स संगणकावर शास्त्रीय गायन-वादन रेकॉर्ड करणाऱ्यांना हा दोष फार महाग पडतो. तो दुरुस्त करता येतो, पण त्यासाठी आधी तो नेमका कशाने होतो हे नीट समजून घ्यावे लागते.

मायक्रोफोनमधून आलेला आवाज ऑडिओ इंटरफेस सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजणी म्हणजे एक सॅम्पल. एकेक सॅम्पल सुटे सुटे प्रोसेसरकडे पाठवणे परवडत नाही, म्हणून ती ठरावीक संख्येने साठवून एकदम सुपूर्द केली जातात. या साठ्याला बफर म्हणतात. २५६ सॅम्पलचा बफर ५.३ मिलिसेकंदांत भरतो, ६४ चा १.३ मिलिसेकंदांत आणि १,०२४ चा २१.३ मिलिसेकंदांत. तेवढ्या अवधीत रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामने आलेला साठा उचलायचा, त्यावर काय ती प्रक्रिया करायची, हेडफोनसाठीचा आवाज परत द्यायचा आणि पुढच्या साठ्यासाठी तयार व्हायचे. इंटरफेसचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. उशीर झाला की आत येणाऱ्या बाजूची सॅम्पले उचलायची राहून नष्ट होतात आणि बाहेर जाणाऱ्या बाजूला वाजवायला काहीच उरत नाही. या दोन्ही प्रकारांना लिनक्सच्या जगात मिळून ‘एक्सरन’ म्हणतात. ध्वनिलहरीचा आकार एका उंचीवर तुटतो आणि भलत्याच उंचीवरून पुन्हा सुरू होतो. अशा उभ्या उडीत खर्जापासून तारापर्यंत सगळ्या कंप्रता एकदम असतात. त्यामुळे एका मिलिसेकंदाची तूटसुद्धा कानाला टोचते, आणि मागे नुसता तानपुरा चालू असेल तर फारच टोचते.

जास्त कोअरचा नवा लॅपटॉप घेतला की हा त्रास जाईल, असे बरेच जण धरून चालतात. मला ही समजूत सर्वांत नुकसानकारक वाटते, कारण तिच्यामुळे पैसे खर्च होतात आणि दोष तसाच राहतो. तान कितीही जलद आणि दाणेदार असली, तरी ती समेवर वेळेत आली नाही तर चुकलीच. इथेही प्रश्न वेगाचा नसून वेळेवर पोहोचण्याचा आहे. २५६ सॅम्पलच्या बफरने चाळीस मिनिटांचा ख्याल रेकॉर्ड करताना संगणकाला ही वेळ साडेचार लाख वेळा पाळावी लागते. सरासरी वेळ उत्तम असूनही एकदा उशीर झाला, तर आपल्याला ऐकू येतो तो नेमका तो एकच. मग शोधायचे ते एवढेच, की त्या एका वेळी प्रोसेसरला कोणी अडवून धरले.

लिनक्सचे कर्नल मुळात सर्वसाधारण कामांसाठी घडलेले आहे. एकूण काम जास्तीत जास्त व्हावे, ही त्याची सवय. संगीताची गरज निराळी असल्यामुळे तिच्यासाठी वेगळे थर उभे राहिले. सगळ्यांत खाली, साउंड कार्डाशी बोलणारा ‘आल्सा’ हा भाग. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये तो सुरू केला आणि २.६ या कर्नलपासून तो मुख्य ध्वनियंत्रणा झाला. ‘आर्डर’ हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम लिहिणाऱ्या पॉल डेव्हिस यांनी ‘जॅक’ घडवले. अनेक प्रोग्राम एकाच तालात चालावेत आणि त्यांचा आवाज एकमेकांना देता यावा, यासाठी ते होते. रोजच्या वापरासाठी, म्हणजे ब्राउझर, चित्रपट, फोनसंभाषण यांसाठी ‘पल्सऑडिओ’ होते. कित्येक वर्षे ही दोन वेगळी राज्ये होती, आणि एकातून दुसऱ्यात जाताना बरीच रेकॉर्डिंगे बिघडत. विम टायमन्स यांच्या ‘पाइपवायर’ने दोन्ही एका छत्राखाली आणली. २०२१ मध्ये ‘फेडोरा ३४’ने ते आपली नेहमीची ध्वनियंत्रणा म्हणून स्वीकारले आणि पाठोपाठ ‘उबुंटू’ही त्याच वाटेने गेले. आज नवे लिनक्स बसवले की बहुधा पाइपवायरच मिळते. जुन्या पुस्तिकांमधला जॅक चालू-बंद करण्याचा द्राविडी प्राणायाम त्यामुळे बराचसा संपला आहे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी आवाज तुटल्याचे नीट ऐकावे. पहिला प्रश्न असा, की तूट फाइलमध्ये उमटली आहे की फक्त हेडफोनमध्ये ऐकू आली? रेकॉर्ड झालेली फाइल पुन्हा वाजवून ती जागा ऐका आणि लहरीचे चित्र मोठे करून पाहा. फाइल स्वच्छ असेल तर बाहेर जाणारी बाजू उशिरा पडली होती. गायकांना त्रास झाला, पण मुद्रण शाबूत आहे. दुसरा प्रश्न, तूट अनियमित आहे की ठरावीक अंतराने येते? याचे उत्तर फार मोलाचे असते. तिसरा प्रश्न, यंत्र स्वतः काय सांगते? आर्डरमध्ये एक्सरनची संख्या दिसते. एक्सरन झालेल्या जागी खूण करण्याची, किंवा एक्सरन होताच रेकॉर्डिंग थांबवण्याची सोय त्याच्या सेटिंगमध्ये आहे. खुणेची सोय चालू ठेवावी. थांबवण्याची मात्र मैफलीच्या वेळी बंदच ठेवावी, नाहीतर एका टकेपायी पुढचे सगळे गाणे हातचे जाईल.

पाइपवायरबरोबर ‘पीडब्ल्यू-टॉप’ नावाचा छोटा प्रोग्राम येतो. टर्मिनलमध्ये तो चालवला की प्रत्येक प्रोग्रामचा बफर किती, त्यातला किती भाग कामात गेला आणि चुका किती झाल्या, याचे आकडे सतत बदलताना दिसतात. निदानाची खरी किल्ली इथे आहे. कामात जाणारा भाग बफरच्या अवधीच्या जवळ पोहोचला असेल तर भार खरोखरच जास्त आहे. प्लगइन कमी करा किंवा बफर मोठा करा. पण तो भाग दहा-पंधरा टक्के असूनही चुका वाढत असतील, तर प्रोसेसर रिकामा असताना वेळेवर जागा झाला नाही किंवा दुसऱ्या कशात अडकला, असे समजावे. तिथे प्लगइन काढून काही होणार नाही. आणि कानाला टक् ऐकू येते पण चुकांचा आकडा शून्यावरून हलत नाही, असे असेल तर घड्याळ, केबल किंवा विजेकडे पाहावे. या तिसऱ्या परिस्थितीत लोक दिवसचे दिवस कर्नलच्या मागे लागतात, आणि दोष असतो ढिल्या केबलमध्ये.

सर्वांत सोपा आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय म्हणजे बफर मोठा करणे. याला लोक बिचकतात, कारण बफर मोठा केला की गायकांना स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो. हवेतून आवाज मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे पाच मिलिसेकंदांचा उशीर हा पावणेदोन मीटरवर बसलेल्या तबलजींचा आवाज पोहोचायला लागतो तेवढाच, आणि तो खपून जातो. १,०२४ चा बफर मात्र जाऊन-येऊन चाळीस मिलिसेकंदांच्या पुढे नेतो आणि त्यात गाणे अवघड होते. पण मायक्रोफोनचा आवाज संगणकात जाऊन परत यायलाच हवा, असे कुठे आहे? बहुतेक ऑडिओ इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण किंवा खुंटी असते. तिने मायक्रोफोनचा आवाज इंटरफेसमधूनच थेट हेडफोनला जातो आणि संगणकाच्या उशिराचा प्रश्नच उरत नाही. मग आर्डरमधले मॉनिटरिंग बंद करा, नाहीतर आवाज दुहेरी ऐकू येईल. बफर निर्धास्तपणे १,०२४ किंवा २,०४८ ठेवा. लहान बफर लागतो तो संगणकातला सिंथेसायझर कळफलकावर वाजवताना किंवा गिटार प्लगइनमधून ऐकताना. गायन, सतार, बासरी, हार्मोनियम, तबला यांच्या साध्या मुद्रणाला तो लागत नाही. लहान बफरची स्पर्धा करण्यात अनेक चांगल्या मैफलींचे मुद्रण वाया जाते, हे माझे ठाम मत आहे.

लहान बफर खरोखरच हवा असेल तर पुढची कामे करावी लागतात. पहिले परवानगीचे. लिनक्समध्ये एखाद्या कामाला ‘रिअलटाइम’ प्राधान्य देता येते. ते मिळालेले काम साध्या कामांना बाजूला सारून प्रोसेसर घेते. सामान्य वापरकर्त्याला हा अधिकार आपोआप नसतो. मर्यादांच्या फाइलमध्ये ‘ऑडिओ’ किंवा ‘पाइपवायर’ या गटाला ९५ पर्यंत प्राधान्य आणि मेमरी जागच्या जागी बांधून ठेवण्याची मुभा दिली जाते. आपले नाव त्या गटात घालून एकदा लॉगआउट करून पुन्हा आत यावे लागते. गटात नाव नसले तर ‘आरटीकिट’ ही सेवा मध्यस्थी करून प्राधान्य मिळवून देते, पण तिची नेहमीची कमाल २० असते. ‘आरटीसीक्यूएस’ नावाची तपासणी करणारी स्क्रिप्ट हे सगळे वाचून काय कमी आहे ते सांगते. नवख्या माणसाने हाताने फाइली धुंडाळण्याआधी ती चालवावी.

दुसरे काम वीज वाचवणाऱ्या सवयी मोडण्याचे. प्रोसेसरला क्षणभर काम नसले की तो गती कमी करतो, मग झोपतो, मग आणखी गाढ झोपतो. गाढ झोपेतून उठायला काही शे मायक्रोसेकंद लागू शकतात. ६४ सॅम्पलच्या बफरला सगळा मिळून १,३३३ मायक्रोसेकंदांचा अवधी असतो, हे लक्षात घेतले की या झोपेची किंमत कळते. रेकॉर्डिंगपुरता प्रोसेसर ‘परफॉर्मन्स’ अवस्थेत ठेवावा. बहुतेक डेस्कटॉपांवर बॅटरीच्या मेनूतच ते करता येते. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिसळते. घरात अर्थिंग धड नसले की चार्जर लावताच रेकॉर्डिंगमध्ये गुणगुण येते, म्हणून लोक चार्जर काढून ठेवतात. गुणगुण जाते, पण लॅपटॉप बॅटरीवर गेल्यामुळे वीज वाचवू लागतो आणि आवाज तुटायला लागतो. एक दोष घालवताना दुसरा ओढवून घेतला, हे पटकन ध्यानात येत नाही. अर्थिंग दुरुस्त करून घेणे हा त्यावरचा खरा उपाय. तोवर चार्जर काढला तरी परफॉर्मन्स अवस्था सोडू नये.

यूएसबीचे म्हणाल, तर इंटरफेस हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडा. ज्या पोर्टच्या शेजारी बाहेरची हार्ड डिस्क किंवा वेबकॅम आहे ते टाळा. पोर्ट बदलून पाहणे ही फुकट चाचणी आहे, आणि ती सुरुवातीलाच करावी. वायफाय बंद करून फरक पडतो का तेही बघावे. वायफायचा ड्रायव्हर प्रोसेसरला मध्येच अडवत असेल तर दोष तिथेच सापडतो. ब्लूटूथ हेडफोन रेकॉर्डिंगच्या वेळी नकोतच, त्यांचा उशीर इतका असतो की तालात वाजवणे शक्य होत नाही.

ठरावीक अंतराने येणाऱ्या टकेकडे आता वळू. तिच्यामागे बहुतेकदा दोन घड्याळे असतात. समजा, आवाज यूएसबी मायक्रोफोनमधून घेतला आणि हेडफोन लॅपटॉपच्या खाचेत लावला. दोन्ही यंत्रे सेकंदाला ४८,००० सॅम्पलचे वचन देतात, पण प्रत्येकात वेगळा स्फटिक असतो आणि दोन स्फटिक कधीच तंतोतंत सारखे नसतात. फरक दहा लाखांत ५० इतकाच धरला, तरी एक यंत्र दुसऱ्याच्या सेकंदाला २.४ सॅम्पल पुढे पळते. २५६ सॅम्पलची शिल्लक १०७ सेकंदांत संपते आणि टक् होते. तेवढ्याच वेळाने पुन्हा टक्. तासाभरात फरक ८,६४० सॅम्पलचा, म्हणजे जवळजवळ पाव सेकंदाच्या पाऊण हिश्शाचा होतो. दोन वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेले गायन आणि तबला शेवटी जुळत नाहीत ते याचमुळे. पाइपवायर दोन यंत्रे एकत्र वापरताना एकाचा वेग सतत किंचित बदलून मेळ घालते. जॅकवर हेच काम फॉन्स आड्रियान्सन यांची ‘झिटा’ साधने करतात. तरीही मुद्रणासाठी माझा सल्ला एकच, सगळे मायक्रोफोन आणि हेडफोन एकाच इंटरफेसवर घ्यावेत. जास्त चॅनलसाठी वेगळा प्रीअॅम्प ऑप्टिकल केबलने जोडला असेल, तर दोघांपैकी एकाचेच घड्याळ मुख्य आणि दुसऱ्याने त्याचे ऐकायचे, असे स्पष्ट ठरवून द्यावे लागते. हे राहून गेले की टक् येत राहते आणि एक्सरनचा आकडा शून्यच असतो.

प्लगइनची एक चमत्कारिक गोष्ट सांगायला हवी. गायक गात असताना सगळे सुरळीत असते, थांबले आणि रिव्हर्बची शेपटी विरत गेली की नेमका भार उसळतो. शांततेत जास्त काम कशाला पडावे? विरत जाणारे आकडे शून्याच्या इतके जवळ पोहोचतात की प्रोसेसर त्यांना नेहमीच्या जलद मार्गाने हाताळू शकत नाही. या आकड्यांना ‘डीनॉर्मल’ म्हणतात आणि त्यांची बेरीज-गुणाकार नेहमीच्या कित्येक पट वेळ खातात. आर्डरच्या सेटिंगमध्ये ते प्रोसेसरनेच शून्य धरावेत अशी सोय आहे, आणि बहुतेक नीट लिहिलेले प्लगइनही ती काळजी घेतात. एखादा जुना प्लगइन घेत नाही, तो काढून टाकावा. रेकॉर्डिंगच्या वेळी रिव्हर्ब मुळात लागत नाही.

डिस्कला मात्र उगाच दोष दिला जातो. एका ट्रॅकला सेकंदाला १९२ किलोबाइट लागतात, आठ ट्रॅकना दीड मेगाबाइट. कोणतीही साधी डिस्क हे सहज पेलते. पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करू नका, एवढे पुरे.

रिअलटाइम कर्नल घ्यावे का, हा प्रश्न नेहमी येतो. कर्नलचा जवळजवळ कुठलाही भाग मध्येच थांबवून तातडीचे काम आधी करता यावे, यासाठीचे बदल इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास सुरू केले. मुख्य कर्नलमध्ये ते पूर्णपणे सामावायला वीस वर्षे लागली. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते स्वीकारले आणि नोव्हेंबरमधल्या ६.१२ या आवृत्तीबरोबर ते सगळ्यांना मिळाले. कारखान्यातली यंत्रे आणि रोबो चालवणाऱ्यांची ती मोठी गरज होती, संगीतकारांचाही त्यात फायदा झाला. पण २५६ किंवा त्याहून मोठ्या बफरला आजचे नेहमीचे कर्नल, योग्य परवानग्या दिल्या तर, सहसा पुरते. ६४ च्या खाली उतरायचे असेल तर रिअलटाइम कर्नल वापरून पाहावे. काही लॅपटॉपांत तेही हरते. तिथे मदरबोर्डचे स्वतःचे प्रोग्राम तापमान किंवा बॅटरी पाहण्यासाठी प्रोसेसर काही काळ ताब्यात घेतात आणि लिनक्सला त्याचा पत्ताही लागत नाही. ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ हे साधन अशी चोरी पकडते. ती सापडली तर बायोस अद्ययावत करून पाहावे, नाहीतर बफर मोठा ठेवून राहावे.

सगळे लावून झाले की मैफलीच्या आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत तासभर रेकॉर्डिंग चालू ठेवावे. जितके ट्रॅक उद्या लागणार तितकेच घ्यावेत, तोच बफर, तोच चार्जर, तीच केबल. पीडब्ल्यू-टॉपमधला चुकांचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी लिहून ठेवावा. रेकॉर्डिंगच्या दिवशी सॉफ्टवेअरचे अपडेट करू नये.

एवढे करूनही टक् आलीच, तर सगळे मायक्रोफोन एकाच इंटरफेसवर असल्यास तूट सर्व ट्रॅकवर एकाच जागी असते. ती गायकांच्या दमात, नुसत्या तानपुऱ्यावर पडली असेल तर काही सेकंद आधीचा तानपुरा उचलून तिथे ठेवावा आणि दोन्ही कडा दहा-वीस मिलिसेकंदांच्या चढ-उताराने सांधाव्यात, जोड बहुधा कळत नाही. तबल्याच्या दोन बोलांमध्ये पडली असेल तर तीच युक्ती मात्रा मोजून चालते. ती मींडेत पडली असेल तर मात्र काही इलाज नाही, गायकांना विचारून ती बंदिश पुन्हा घ्यावी.